कॉमिक्स भिजतात आषाढात, वाचवायची पौषात

प्रश्न गोव्यातल्या साखळी गावाहून आला आहे. मामांनी जमवलेली सुमारे चारशे कॉमिक्स, त्यात मराठी इंद्रजाल, चांदोबा, अमर चित्र कथा आणि थोडी टिंकल, तळमजल्यावर खाटेखाली पत्र्याच्या पेटीत होती. गेल्या पावसात पेटीच्या तळाशी पाणी गेलं. खालचे चौदा अंक खराब झाले आणि वरच्यांना कुबट वास येतो. विचारलंय ते असं: हवाबंद डबे कुठले घ्यावेत, सिलिका जेलच्या पुड्या पुरतील का, आणि मुखपृष्ठं लॅमिनेट करून घेतली तर कायमची चिंता मिटेल का?

शेवटच्याचं उत्तर आधी देते, कारण कदाचित तुम्ही उद्याच दुकानात जाल. लॅमिनेट करू नका. गरम रुळांतून एकदा फिल्म बसली की ती परत निघत नाही, कडेने ओल शिरते ती मात्र आत अडकून बसते, आणि कागद आपल्याच आम्लाने पिवळा पडायचा तो पडतोच. लॅमिनेट केलेला वेताळ (इंद्रजालमधला फँटम) माझ्याकडे दुरुस्तीला येतो तेव्हा मी तो तसाच परत करते. हात घालायला जागाच नसते.

आता मूळ गोष्ट. मी फोंड्यात २६ वर्षं पुस्तकबांधणीचं आणि कागददुरुस्तीचं काम करते. देवळांच्या वह्या, भजनाच्या पोथ्या, घरांचे जुने दस्तऐवज आणि अलीकडे कॉमिक्ससुद्धा. पाणी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर छपराची गळती किंवा पूर येतो. माझ्या टेबलावर येणाऱ्या कागदांपैकी थेट भिजलेले थोडे. जास्त असतात ते सर्दलेले. त्यांच्यावर कधी थेंबही पडलेला नसतो, पण जून ते सप्टेंबर त्यांनी हवेतलं पाणी पिऊन ठेवलेलं असतं. तुमच्या पेटीतल्या खालच्या चौदांना पाणी लागलं, वरच्या जवळजवळ पावणेचारशेंना हवा लागली. तुमची खरी अडचण ही दुसरी आहे, आणि डबा विकत घेऊन ती सुटत नाही. डब्यात कागद कुठल्या दिवशी बंद करता, यावर ती सुटते.

हे मी स्वतःचं नुकसान करून शिकले. लग्नानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी माझे चांदोबाचे अंक मी मोठ्या हौसेने रबरी झाकणाच्या डब्यात भरले. बाहेर धो धो पाऊस, जुलैचा मध्य. वर औषधाच्या बाटल्यांतून साठवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या आणि निर्धास्त झाले. चवथीच्या आधी घर आवरताना झाकण उघडलं, तर मुखपृष्ठांवर राखाडी लव उगवलेली. मोत्याचं नाक होतं तिथे बुरशीचा गोल ठिपका. (मोती म्हणजे आमचा तेव्हाचा कुत्रा, एका अंकावर धाकट्या दिराने पेनाने काढलेला. तो अंक मी अजून ठेवलाय.) दोष डब्याचा नव्हता, तो चोख हवाबंद होता. मी त्यात जुलै महिना कोंडला होता.

हिशेब करून बघा. दमट हवेत कागद आपल्या वजनाच्या १० ते १२ टक्के पाणी धरून ठेवतो. हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास असली तर ते ७ टक्क्यांवर येतं. म्हणजे १० किलो कॉमिक्स पावसात भरली तर त्यांच्यात कोरड्या दिवसांपेक्षा ३००–५०० ग्रॅम पाणी जास्त असतं. दीड-दोन पेले. सिलिका जेल फार तर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं पाणी घेतं, व्यवहारात त्याहूनही कमी. तेवढं पाणी ओढायला किलोभराहून जास्त जेल लागेल, आणि औषधाच्या बाटलीतली पुडी एक-दोन ग्रॅमची! सिलिका जेल डब्याचा राखणदार म्हणून ठीक आहे, कागद वाळवायचं काम त्याच्या ताकदीबाहेरचं.

म्हणून माझ्याकडे डबे भरायचा मुहूर्त ठरलेला असतो, मकरसंक्रांतीच्या आगेमागे. आपण पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, मे महिन्यात भरतो, कारण मिरची-सोलं उन्हात वाळलेली असतात. ओली मिरची बरणीत कोण भरतं? कागदाचं पुरुमेंत मात्र मेच्या आधीच भरायचं. मे कडक उन्हाचा असला तरी हवा घामट असते. माझ्या खोलीत जुलैच्या सकाळी आर्द्रतेचा काटा ९० च्या जवळपास असतो, जानेवारीच्या दुपारी ५५ च्या आसपास येतो. बुरशीला वाढायला साधारण ६५–७० च्या वरची हवा लागते. त्या रेषेच्या खालच्या दिवशी कागद कोंडला की पुढे बाहेर कितीही कोसळो.

काट्यावर विसंबायचं तर तो खरं बोलतो का ते आधी तपासा. आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र काहीशे रुपयांत मिळतं, आणि त्यातली बरीच पाच-दहा टक्क्यांनी थापा मारतात. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी घाला, आणि ते झाकण त्या यंत्रासोबत झिपच्या पिशवीत रात्रभर बंद ठेवा. ओल्या मिठाभोवतीची हवा ७५ टक्क्यांवर स्थिर होते, हा मिठाचा गुणधर्मच आहे. सकाळी यंत्रावर ८१ दिसले तर तुमचं यंत्र ६ जास्त दाखवतं. मागे पट्टी चिकटवून तसं लिहून ठेवा.

भरण्याआधी दोन-तीन दिवस कॉमिक्स खोलीत उभी करून ठेवा. प्रत्येक अंक थोडा उघडा, पंख्यासारखा. पंखा मंद आणि तोंड भिंतीकडे वळवलेला. उन्हात ठेवू नका. ऊन वास पटकन घालवतं खरं, पण लाल-पिवळा रंगही घेऊन जातं आणि हलका कागद वाकवून टाकतं. ज्यांच्यावर बुरशी दिसते ते अंक पहिल्या दिवसापासून वेगळे. बोट लावल्यावर फासली जाते ती बुरशी जिवंत. ती आधी सुकू द्यायची, मगच झाडायची. भुकटीसारखी उडते ती झोपलेली असते. झाडायचं ते बाहेर बलकांवात, म्हणजे ओसरीवर, वाऱ्याकडे पाठ करून, मऊ कोरड्या ब्रशने, नाकावर एन-९५ मास्क लावून. ओल्या फडक्याने पुसलंत तर ती कागदाच्या आत घासली जाते. तपकिरी ठिपके राहतील, त्यांच्या मागे लागू नका. ब्लीच तर विसराच.

आता डबा. झाकणाला रबराची कड असलेला पॉलिप्रोपिलीनचा घ्या. तळाशी त्रिकोणात ५ आकडा कोरलेला असतो. अंकांसाठीच्या पारदर्शक पिशव्याही त्याच जातीच्या घ्या. त्रिकोणात ३ असलेलं पीव्हीसी नको. शाळेच्या वह्यांना घालतो ती वास येणारी मऊ कव्हरं असतात, तसलं. वर्षं गेली की त्यातलं तेलकट द्रव्य सुटतं आणि छपाईची शाई उचलून घेतं. पिशवीत अंकामागे आम्लरहित पुठ्ठा सरकवला तर अंक वाकत नाही. मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा कापून घालू नका, तो स्वतःच आम्लाचा साठा असतो. पिशवीचं तोंड दुमडा, चिकटपट्टी लावू नका. कधीतरी अंक काढताना ती मुखपृष्ठाला चिकटते आणि वेताळाची कवटी सोलून काढते. चारशे अंक म्हणजे वीस-पंचवीस किलो होतील, तीन-चार डबे करा. एकाच मोठ्या डब्यात भरलंत तर पुराच्या रात्री तो उचलायला दोन माणसं लागतील.

प्रत्येक डब्यात २००–२५० ग्रॅम सिलिका जेल कापडी पिशवीत, कागदाला थेट न लागेल असं. नारंगी रंगाचं मिळतं ते घ्या, ओल घेतली की त्याचा रंग बदलतो. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते विषारी आहे, स्वयंपाकघराच्या ओव्हनमध्ये तापवायचं नाही. नारंगी ११०–१२० अंशांवर दोनेक तास तापवलं की पुन्हा वापरता येतं. डांबरगोळ्या बुरशीचं काही वाकडं करत नाहीत, उलट वास वर्षानुवर्षं अंकांत राहतो आणि छातीलाही वाईट. वेखंड-कडुलिंबाची पुरचुंडी आजीच्या काळापासून चालत आलीय. कसर आणि झुरळांसाठी ठेवायची तर ठेवा, पण ओल ती शोषत नाही, आणि पानांचा रस कागदाला लागला तर डाग पडतो.

एसी किंवा डीह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढून टाकीत साठवणारं यंत्र) घ्यावा का, हे घरावर अवलंबून आहे. खोलीभर पुस्तकं असतील, दारं-खिडक्या नीट बंद होत असतील आणि टाकी रोज रिकामी करायला कुणी असेल तर डीह्युमिडिफायर उपयोगी. आपल्याकडे पावसात वीज जाते आणि यंत्र थांबतं, तेवढं धरून चाला. फक्त रात्री एसी लावायचा हा मात्र कागदासाठी सगळ्यात वाईट प्रकार. रात्रभर उघड्या फळीवर गार झालेली पुस्तकं, सकाळी एसी बंद करून खिडकी उघडली की दमट हवा त्यांच्यावर येऊन बसते. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो, तसंच. तुमच्या चारशे अंकांना यातलं काही नको.

डबे ठेवायचे कुठे, हे घर पाहिल्याशिवाय ठाम सांगता येत नाही, पण काही जागा मी न पाहता बाद करते. खाटेखालची फरशी पहिली. जमिनीची ओल वर येते आणि पुराचं पाणी तिथेच आधी पोचतं. पत्र्याची पेटी तर दुहेरी घातक. तिच्या सांध्यातून पाणी आत शिरतं, पण एकदा शिरलं की बाहेर पडत नाही. वरचे अंक कोरडे दिसतात म्हणून आपण दोन दिवस निवांत राहतो, खाली लगदा होत असतो. पत्रा गंजतो तो गंजही कागदाला लागतो.

मग पश्चिमेची भिंत. जांभ्या दगडाचा चिरा पाणी पितो. पावसाची झड पश्चिमेकडून येते म्हणून तर जुन्या घरांना त्या बाजूने विणलेल्या झावळ्या बांधायचे. हल्ली निळं प्लॅस्टिक बांधतात. त्या भिंतीला आतून पोपडे आले असतील, मिठासारखा पांढरा लोणा फुटला असेल, तर तिला टेकून कपाट ठेवू नका, आतल्या बाजूला न्या. न्हाणीघराच्या पाठीमागची भिंत तशीच. कपाट कुठल्याही भिंतीपासून चार बोटं पुढे असलं की मागून हवा खेळते.

माळा म्हणाल तर कौलारू घरात तो मला भरवशाचा वाटत नाही. वर उन्हाळ्यात भट्टी होते, आणि माकडं एकदा कौलांवरून गेली की कुठलं सरकलं ते पहिल्या पावसातच कळतं. पण तुम्ही साखळीत आहात. वाळवंटी नदीचं पाणी तुमच्या भागात शिरतं हे तुम्हाला मी सांगायला नको, २०२१ च्या जुलैतल्या पुरात डिचोली-सत्तरीने काय पाहिलं ते सगळ्यांना आठवतंय. तेव्हा घरातल्या किंवा शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा की पाणी भिंतीवर कुठवर आलं होतं. त्या खुणेच्या हातभर वर, आतल्या भिंतीला, पक्की फळी. वरचा मजला असेल तर प्रश्नच नाही. तो नसेल आणि माळ्यावाचून इलाज नसेल, तर डब्यांवर एक प्लॅस्टिकचा कागद उतरता बांधा, वळचणीसारखा, म्हणजे गळकं पाणी झाकणावर साचण्याऐवजी बाजूला उतरेल.

इतकं केलंत तर नेहमीचा पावसाळा निघून जातो: कोरड्या महिन्यात सुकवून भरायचं, ५ आकड्याचा डबा, आतली भिंत, पुराच्या खुणेच्या वर. पावसाळ्यात डबा उघडू नका. वाचायची हुक्की येतेच, म्हणून आठ-दहा आवडते अंक बाहेर वेगळे ठेवा आणि ते थोडे खराब होणार हे मान्य करा. एखाद्या जानेवारीत मोबाईलने सगळ्या मुखपृष्ठांचे फोटो काढून यादीही करून टाका.

तरीही भिजली तर? २००९ च्या २ ऑक्टोबरला काणकोणात पूर आला, त्यानंतर काही आठवडे माझं घर म्हणजे भिजल्या कागदांचं इस्पितळ झालं होतं. जमिनीचे कागद, लग्नाचे आल्बम, शाळेचे दाखले आणि एका मुलाची गोणीभर कॉमिक्स. जे लोक दोन दिवसांत आले त्यांचं बहुतेक वाचलं. जे आधी घर साफ करून आठवड्याने आले, त्यांचं बरंचसं गेलं. त्यांना दोष कसा देणार, घरात चिखल असताना कॉमिक्स कोण बघतं? पण कागदाला ते कळत नाही. ओल्या कागदावर २४ ते ४८ तासांत बुरशी धरते.

भिजलेला अंक उघडायचा नाही, कोपऱ्याला धरून उचलायचा तर नाहीच. खाली ताट किंवा प्लॅस्टिकची शीट सरकवून तिच्यासकट उचला. चिखल लागला असेल तर अंक मिटलेला ठेवूनच परातीतल्या स्वच्छ पाण्यात हलका बुडवून काढा, घासू नका. शाई सुटताना दिसली तर तेही नको. मग पाणी निथळू द्या. त्यानंतर कागदाची जात बघायची. माझ्या हातातून गेलेले १९६४ ते १९९० मधले इंद्रजाल अंक बहुतेक आतून वर्तमानपत्री कागदाचे. हा कागद ओला असताना लापशीसारखा नाजूक असतो, पण पानं एकमेकांना सहसा डकवून घेत नाही. दर पाच-सहा पानांत टीपकागद किंवा कोरा न्यूजप्रिंट घाला आणि पहिल्या दिवशी दोन-दोन तासांनी बदला. छापलेलं वर्तमानपत्र घालू नका, बातमी वेताळाच्या छातीवर उमटते. अंक जवळजवळ सुकला की दोन टीपकागदांत घालून फळीखाली दाबून ठेवा, म्हणजे तो सपाट होतो. इस्त्री आणि हेअर ड्रायर लांब ठेवा.

गुळगुळीत, चकचकीत कागदाची नवी पुस्तकं असली तर वेळ आणखी कमी. त्या कागदावरचा लेप ओला असताना गोंद असतो आणि सुकला की वीट होते. पानं ओली असतानाच सुटी करून मधे मेणकागद किंवा बटर पेपर घाला. जमत नसेल, किंवा अंक एका रात्रीत हाताळण्यापलीकडे असतील, तर फ्रीझर. होय, तोच, बांगड्यांचा. बांगडे त्या दिवशी हुमणात टाका. दोन-दोन, तीन-तीन अंक बटर पेपरात गुंडाळून झिपच्या पिशवीत सपाट ठेवा. गोठलेल्या कागदात बुरशी वाढत नाही आणि पानं चिकटायची थांबतात. बुरशी मरत नाही, नुसती थबकते. पण तुम्हाला महिनाभराची उसंत मिळते, मग चार-चार काढून वरच्या रीतीने सुकवा. जगभरची ग्रंथालयं भिजल्या पुस्तकांचं पहिलं काम हेच करतात, फक्त त्यांचे फ्रीझर मोठे आणि मासळीविना.

राहिले तुमचे चौदा. ते वर्षभरापूर्वी भिजून आता वाळलेत, तेव्हा घाई संपलेली आहे. चिकटलेली पानं सुरीने सोडवू नका, वाफेवर धरू नका. साधी कॉमिक्स असली तर हळूहळू पुन्हा ओलावून बरीच सुटतात, चकचकीत कागदाची बहुधा नाही. ते काम माहितगाराच्या हातचं. त्याआधी एक ठरवा: हे अंक विकायचे आहेत की मामांची आठवण म्हणून ठेवायचेत? मधल्या पिना गंजलेल्या असणार, आणि तो गंज कागद खात पुढे सरकतो. मी पिना आतल्या बाजूने उचकटून काढते आणि त्याच भोकांतून सुती धागा ओवून शिवते. अंक त्याने वाचतो. पण जाणकार संग्राहकाच्या लेखी पिना बदललेला, धुतलेला अंक म्हणजे दुरुस्त केलेला अंक, आणि त्याची किंमत उतरते. विकायचे असतील तर पिनांना हात न लावता आधी दाखवा. ठेवायचे असतील तर पिना काढायला हरकत नाही.

फोटो पाठवणार असाल तर मुखपृष्ठांचे नकोत, ती सगळी सारखीच दिसतात. मधलं पान उघडेल तेवढंच उघडा, जोर न लावता, आणि दोन्ही पिनांभोवतीचा कागद जवळून दाखवा. तिथला तपकिरी डाग किती पानं खाली उतरलाय यावरून मला कळेल की शिवण धरेल की आधी जपानी टिश्यूने (पातळ पण चिवट कागदाने) कणा बांधावा लागेल.